पहिल्या रविवारची भाकर

आमच्या मामांच्या जेवणाची एक ठरलेली रीत आहे. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या अहमदपूरकडं सासऱ्याला मामाच म्हणतात, आणि ख्रिस्ती घरात सून म्हणून आले तरी माझ्या जिभेला दुसरं काही वळलं नाही. तर मामा ताटावर बसले की डोळे मिटून प्रार्थना करतात, पहिला घास सावकाश चावतात आणि मग निकाल देतात. मीठ कमी आहे. मीठ जास्त आहे. डाळ नीट गळली नाही. भाकर एका अंगाला करपली. लग्नानंतर पहिल्यांदा नांदेडला त्यांच्या घरी मी भरली वांगी केली. वाटलं, नव्या सुनेचं तोंडदेखलं तरी कौतुक करतील. "तर्री चांगली आली, पण वांगं आतून कच्चं हाय," एवढंच म्हणाले आणि सगळं ताट चाटूनपुसून साफ केलं. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मामांनी सगळी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात काढली. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबणारा माणूस. मला लातूरच्या गाडीत बसवायला यायचे तर आधी प्लॅटफॉर्मचं तिकीट काढायचे, आणि स्टेशनातला शिपाईसुद्धा त्यांना ओळखून हसायचा. चर्चमध्ये ते पंच आहेत. पंच म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीनं मंडळीचा कारभार बघणारे जुने लोक. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीनं सगळी मंडळी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेते, तेव्हा भाकरीचं ताट घेऊन बाकाबाकातून फिरायचं काम मामांचं.

आमच्या लग्नाची गोष्ट या ताटापाशीच अडली. मी बौद्ध घरातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी. नवरा लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याला मी आवडले, मला तो आवडला, आणि दोघांपैकी कोणीही धर्म बदलायचा नाही असं ठरवून आम्ही रजिस्टर लग्न केलं. मामा आले. पांढरा शर्ट घालून, पेन खिशात लावून आले आणि साक्षीदार म्हणून सही केली. माझ्या वडिलांना सलाम केला, वडिलांनी जयभीम केला, दोघांनी एकमेकांना पेढा भरवला. आणि पुढच्याच आठवड्यात पंचांच्या बैठकीत मामांनी स्वतः हात वर करून आपल्या पोराचं प्रभुभोजन बंद केलं.

मंडळीचा तसा नियमच होता. बाहेर लग्न केलं की भोजन बंद, आणि परत यायचं असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायची. आमच्या आधी एका दुसऱ्या पंचाच्या मुलीचं असंच बंद झालेलं होतं. त्या बैठकीतही मामा होते. नवऱ्यानं विचारलं, एका आठवड्यात सही करता आणि दुसऱ्या आठवड्यात हात वर करता, हा कुठला न्याय? मामा म्हणाले, "दुसऱ्याच्या लेकीला एक कायदा आन माझ्या लेकाला दुसरा, असं मला जमायचं नाही."

नवरा उठला, चपला घातल्या, आणि त्या दिवसापासून त्यानं बापाच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. आत्याबाई लातूरला यायच्या, राहायच्या, लेकाच्या आवडीचं करून घालायच्या. मी सुट्टीत नांदेडला जायचे. आमची लेक तर आजोबांच्या खांद्यावरच वाढली, आता ती पुण्यात शिकते. फक्त हे दोघं बापलेक काही समोरासमोर आले नाहीत. मध्ये दोन-तीन पाळकसाहेब बदलून गेले. त्यातल्या एकानं निरोपही धाडला होता की बाबा, नुसतं एक वाक्य बोल, आपण मिटवून टाकू. नवऱ्यानं माझ्याकडं बोट दाखवलं आणि मलाच विचारलं, "काय कबूल करू? तुला पाप म्हणू का?"

खरं सांगते, त्या वाक्यावर मी आजवर जगले. बाई माणसाला याच्याहून मोठं काय पाहिजे? पण नांदेडच्या त्या घरात जेवायला बसलं की नवऱ्याची खुर्ची रिकामी दिसायची, मामा तिच्याकडं बघायचं टाळायचे, आणि ते वाक्य मला जड व्हायचं. ही दोघं एका ताटाला बसलेली मला बघायची होती. बाकी संसारात मला काही कमी नव्हतं.

मामांशी माझं पटायचं तसं छान. चहाच्या वेळेला आम्ही दोघं वाद घालत बसायचो. मी म्हणायचे, मामा, येशूनं सगळ्यांच्या पापासाठी भोगलं, हे तुमचं प्रायश्चित्त माझ्या काही डोक्यात शिरत नाही. चूक करायची जगानं आणि शिक्षा भोगायची एकट्यानं, तीही काही न केलेल्यानं? माझ्या वर्गात एकाच्या खोडीसाठी मी दुसऱ्याला उभं केलं तर त्याचा बाप उद्या शाळेत येऊन माझ्या नावानं शिमगा करील. आमच्यात बरं, पाप नाही आणि माफी नाही. चुकलं तर सुधारायचं, दुसरं कोणी येऊन आपल्यासाठी भोगत नाही. मामा बशीत चहा ओतून घ्यायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे की हे समजावून सांगायचं काम न्हाई, बाई. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून टाळून राहिले.

दोन वर्षांमागं उन्हाळ्यात आत्याबाई न्हाणीत घसरल्या आणि उजव्या हाताला प्लास्टर बसलं. शाळेला सुट्टी लागलेलीच होती. नवऱ्यानं मला लातूरच्या स्टँडवर सोडलं, आईसाठी मोसंब्या दिल्या, काळजी घे म्हणाला, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. त्याच्याही मनात यायचं होतं, ते मला दिसत होतं. पण गडी हट्टाला बापावर गेलेला.

नांदेडचं ऊन तुम्हाला माहीतच असेल. स्वयंपाकघरात कुकरच्या आधी माणूसच शिजून निघतं. शनिवारी दुपारी आत्याबाई म्हणाल्या की उद्या पहिला रविवार, भोजनाची भाकर करायची आहे. ती भाकर वर्षानुवर्षं त्याच करायच्या. मी म्हटलं, ज्वारी आहे का दळलेली? तर म्हणाल्या, म्हणायला भाकर, ती असते गव्हाची, जाड पोळीसारखी. मग मला एकदम आठवलं की मी तर मंडळीतली नाही. त्यांनी ते आधीच पाळकबाईंना, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोला, विचारून ठेवलं होतं. पाळकबाई म्हणाल्या होत्या, पीठ मळायला कुठं बाप्तिस्मा लागतो?

आत्याबाई पलंगावर पडून हुकूम सोडत होत्या आणि मी कणीक मळत होते. सोडा नको, तेल नको, साखर नको, सगळं सांगितलं. मिठाचं सांगायचं त्यांच्याकडून राहिलं, कारण त्या भाकरीत मीठ घालतात असं त्यांच्या सात पिढ्यांच्या मनात आलं नसेल. आणि मी बिनमिठाचं पीठ आयुष्यात मळलं नव्हतं. त्यातून मामांचे मिठाचे निकाल डोक्यात. म्हटलं, कमी पडायला नको, आणि चांगलं मूठभर टाकलं. मंद तव्यावर शेकली, सुरीनं लहान लहान चौकोन केले, पांढऱ्या विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवले. मला माझाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये काय झालं ते विचारूच नका. मी मागच्या बाकावर बसते, ताट माझ्यापुढून तसंच जातं. पण लोकांचे चेहरे दिसत होते. एका आजोबांनी डोळे बारीक केले. पुढच्या बाकावरच्या बाईनं कोरडं गिळलं. द्राक्षरसाचे इवलेसे प्याले त्या दिवशी लोकांनी तळापर्यंत रिकामे केले. बाहेर पडल्यावर पाळकबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, आज भाकरीला चव होती हं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येताना मी देवाला नाही, पण मामांना घाबरले होते. जेवायला बसलो. त्यांनी प्रार्थना केली, घास चावला, आणि वरणात हिंग जास्त झाला म्हणाले. भाकरीबद्दल चकार शब्द नाही. मला आश्चर्य वाटलं. म्हटलं, बघा, म्हातारपणी माणूस मऊ होतो. मला लाज वाटू नये म्हणून गप्प बसले. मला त्यांची इतकी माया आली की त्या दुपारी मी त्यांच्यासाठी पन्हं केलं.

सोमवारी सकाळी कपडे भिजवायला घेतले. मामांच्या रविवारच्या शर्टाचा खिसा तपासला तर आत घडी केलेला रुमाल, आणि रुमालात भाकरीचा तो चौकोन. जसाच्या तसा. वाळून कडक झालेला.

मी तिथंच न्हाणीच्या दाराशी बसले. मग सगळं एकदम अंगावर आलं. म्हणजे ताटातून उचलली, पण खाल्ली नाही. माझ्या हातची म्हणून खाल्ली नाही. आमच्या आज्याच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं, ते मी ऐकून होते. ते सगळं मागं पडलं, आपण शिकलो, नोकरी केली, असं मी धरून चालले होते. वीस वर्षं या घरात रांधलं, या माणसानं ताट चाटूनपुसून खाल्लं, आणि देवाच्या पंक्तीला मात्र माझा हात विटाळला? मला रडूही आलं आणि संतापही आला. संताप जास्त आला.

रुमाल तसाच मुठीत घेऊन मी आत्याबाईंपुढं उभी राहिले. मामा दवाखान्यात औषध आणायला गेले होते ते बरं झालं. मी नको ते बोलले. माझ्या हातचं चालत नसेल तर तोंडावर सांगायचं होतं, असं चोरून खिशात कशाला घालायचं, मी आत्ताची गाडी धरून लातूरला जाते, तुमचा देव तुम्हाला लखलाभ, असं सगळं एका दमात. आत्याबाईंनी मला बोलू दिलं. मग चांगल्या हातानं पलंगावर जागा केली आणि बस म्हणाल्या.

"तुझ्या हातची न्हाई खाल्ली, हाव. पण माझ्याही हातची खाल्लेली न्हाई त्यांनी. पोराचं बंद केलं त्या महिन्यापासून एकदाबी न्हाई."

मला काही कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं. दर पहिल्या रविवारी मामा ताट घेऊन फिरतात, सगळ्यांना देतात, शेवटी स्वतःचा तुकडा उचलतात, कारण पंचानं नाही उचलला तर लोक विचारतील. तो तोंडाशी नेतात आणि मुठीत ठेवतात. प्याला नुसता ओठाला लावतात. प्याले धुवायचं काम आत्याबाईंचं, त्यांना एक प्याला दर वेळी भरलेला सापडायचा, त्यावरून त्यांनी ओळखलं. घरी आल्यावर मामा तो तुकडा अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी पुरतात, कारण तो फेकवत नाही. या खेपेला दवाखान्याच्या धावपळीत खिशातच विसरले.

आत्याबाईंनी त्यांना एकदाच विचारलं होतं, असं का करता म्हणून. मामांनी जे उत्तर दिलं ते त्यांनी मला त्यांच्याच शब्दांत सांगितलं: "कायदा मला मोडता येत न्हाई. पण पोरासंगं उपाशी बसता येतं."

बादलीतले कपडे तसेच. मला चहाच्या वेळेचे माझे सगळे वाद आठवले, आणि बशीत फुंकर मारणारे मामा आठवले. शिक्षा त्यांनी दिली होती, ती बरोबर का चूक हे मी अजूनही त्यांच्याशी भांडू शकते. पण ती देऊन ते बाजूला बसले नाहीत. पोरानं काही मागितलं नव्हतं, त्याला पत्ताही नव्हता, आणि हा माणूस दर महिन्याला सगळ्या मंडळीला वाढून स्वतः तसाच घरी येत होता. प्रायश्चित्त म्हणजे काय ते मला शास्त्रातून कधी कळलं नसतं. ते मला धुण्याच्या बादलीपाशी कळलं.

हे लेकाला सांगू नको, त्यांना आवडणार नाही, असं आत्याबाईंनी बजावलं. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही शब्द देणं नव्हे.

त्याच आठवड्यात घरचं बघून येते म्हणून मी लातूरची बस धरली. वाटेत अहमदपूरला वडील स्टँडवर आंब्याची पिशवी घेऊन आले होते. बस थांबली तेवढ्यात त्यांना सांगितलं. वडील देवाबिवाचं नाव काढत नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की तुझ्या सासऱ्यालाबी थोडे आंबे ने, परत जाशील तेव्हा. बस सुटल्यावर मागं वळून बघितलं तर डोळे पुसून राहिले होते.

घरी नवरा पेपर तपासत बसला होता. मी रुमाल त्याच्यापुढं उघडला आणि आत्याबाईंनी सांगितलं तसंच्या तसं सांगितलं, माझं एकही वाक्य न घालता. मला हे किती अवघड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. त्यानं तो तुकडा बोटानं उलटा करून बघितला. कधीपासून, एवढंच विचारलं. आपल्या लग्नापासून, मी म्हटलं. तो उठला, कूलरमध्ये पाणी भरलं, पाणी वरून सांडायला लागलं तरी भरतच राहिला. मी नळ बंद केला. तो परत पेपर तपासायला बसला, आणि दोन दिवसांनी मी नांदेडला परत गेले. राग येत होता. म्हटलं, दगडच आहे हा माणूस.

जूनचा पहिला रविवार आला. भाकर मीच केली, या वेळी चिमूटभरही मीठ नाही. चर्चमध्ये पंखे गरगरत होते. गीत झालं, पाळकसाहेबांनी टेबलावरचा रुमाल काढला आणि नेहमीसारखं विचारलं की भोजनाआधी कोणाला देवाशी किंवा माणसाशी समेट करायचा आहे का. तेव्हा मागचं दार वाजलं. नवरा आत आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, पहाटेच्या बसनं उभ्यानं आलेला. माझ्याकडं न बघता सरळ पुढं जाऊन, जिथं कबूल करणारे उभे राहतात, तिथं उभा राहिला.

मामांच्या हातात ताट होतं. ते त्यांनी परत टेबलावर ठेवलं.

आता हा काय कबूल करणार? बापासाठी मला पाप म्हणाला तर? आणि नाही म्हणाला तर मग आला कशाला? तो वर्गात बोलतो तसा स्वच्छ बोलला. "मी लग्न केलं, ती माझी चूक नाही, ती मी कबूल करणार नाही. मी इतकी वर्षं माझ्या बापाशी बोललो नाही. ते माझं पाप आहे. ते मी कबूल करतो."

पाळकसाहेब नवीन, तरुण. त्यांना काय करावं सुचेना. त्यांनी पंचांकडं बघितलं. मामा तर बोलू शकत नव्हते, घरचा मामला. तेव्हा दुसऱ्या बाजूचे म्हातारे पंच काठी टेकत उठले. ज्यांच्या लेकीचं भोजन सगळ्यात आधी बंद झालं होतं, तेच. त्यांना नाही म्हणायचा हक्क होता आणि त्यांनी तो वापरला असता तर मी त्यांना नावं ठेवली नसती.

"पुरे झालं, पाळकसाहेब," ते म्हणाले. "लेकरू बसनं आलंय. जेवू द्या."

मामा ताट घेऊन लेकापुढं आले. नवऱ्यानं तुकडा उचलला, तोंडात घातला. मग मामा बाकाबाकातून फिरले, सगळ्यांना दिलं, परत टेबलापाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून शेवटचा तुकडा उचलला. मी मान लांब केली, अर्धी उठले, पण नेमकं त्या वेळी पाळकसाहेब मध्ये आले आणि मामांचा हात तोंडाकडं गेला का खिशाकडं, ते मला दिसलंच नाही.

घरी येईपर्यंत माझी नजर त्यांच्या खिशावर. पांढरा खिसा, त्यात पेन, आणि रुमाल असेल तर कळणार कसं? नवऱ्यानं उंबऱ्यावर चप्पल काढली. आत्याबाई प्लास्टरचा हात त्याच्या गळ्यात टाकून पोटभर रडल्या. मामा हातपाय धुऊन आले, आणि आज संध्याकाळी त्या म्हाताऱ्या पंचांकडं जायचं आहे, त्यांच्या लेकीचं बोलायचं आहे, तूबी चल, असं लेकाला म्हणाले. हे त्यांचं लेकाशी पहिलं वाक्य.

मी पानं वाढली. रिकामी खुर्ची भरली होती. वांगीच केली होती मुद्दाम, वडिलांनी पुन्हा धाडलेले अहमदपूरचे आंबे चिरले होते. मामांनी डोळे मिटून प्रार्थना केली, घास घेतला, सावकाश चावला. आम्ही तिघं निकालाची वाट बघत बसलो. वांग्याचं ते काही बोलले नाहीत. माझ्याकडं वळले.

"बाई, सकाळची भाकर मधून कच्ची राहिली होती."

आत्याबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. नवऱ्यानं मान खाली घातली. एरवी मी अशा वेळी चांगलं चढून उत्तर दिलं असतं. आज मी नुसतं म्हटलं, काय म्हणालात मामा, ऐकू नाही आलं.

त्यांना वाटलं पंख्याचा आवाज होतोय. त्यांनी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, परत सांगितलं.